अंदमान-मालवणला स्कूबाला जाताय? वेटसूट आणि डाईव्ह ऑपरेटर कसा निवडायचा, खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

भुसावळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला समुद्रात थंडी वाजते हे सांगून पटत नाही. माझे यावलचे मामा तर सरळ म्हणतात, "पानी ते गरम शे, मंग थंडी कशी वाजी?" मी त्यांना विहिरीची आठवण करून देतो. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला माहितीये, भर दुपारी उडी मारली की जीव थंड होतो पण पाऊण तास डुंबलं की बोटं सुरकुततात, ओठ काळेनिळे पडतात आणि वर येऊन तापलेल्या दगडावर पोट टेकून पडावं लागतं. समुद्रात तेच होतं फक्त जरा हळू. अंग ३७ डिग्री, पाणी २८ डिग्री, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून घेतं, म्हणून २८ डिग्रीच्या हवेत आपण बनियनवर बसतो आणि २८ डिग्रीच्या पाण्यात तासाभरानं कुडकुडतो.

माझी पहिली डाईव्ह पॅकेजमधली होती. सूट दिला तो दोन साईज मोठा, पाठीच्या खालच्या बाजूला एवढा ढगळ की प्रत्येक हालचालीला नवीन गार पाणी आत यायचं आणि बाहेर जायचं, दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले आणि तोंडात रेग्युलेटर म्हणजे हवा घ्यायचं यंत्र असल्यावर दात वाजणं म्हणजे काय हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. इन्स्ट्रक्टरला विचारायची सोय नव्हती कारण तो एकटा तिघांना धरून होता. वर आलो तेव्हा वाटलं हे आपलं काम नाही. दोन वर्षांनी परत गेलो, यावेळी ऑपरेटर स्वतः शोधलेला, त्यानं तीन सूट घालून बघायला लावले, समुद्र तोच, पाणी तेवढंच गरम, आणि ४५ मिनिटं खाली होतो तरी थंडीची आठवण झाली नाही. त्या दोन दिवसांत फरक एवढाच होता म्हणून हे सगळं लिहितोय, कारण आपल्याकडून आता बरेच जण जायला लागलेत आणि बहुतेक जण पॅकेजमधूनच जातात.

आधी ठरवा कुठं आणि कधी

सूट नंतर, आधी पाणी. अंदमानात पाणी वर्षभर साधारण २७ ते ३० डिग्री असतं, डाईव्हिंगचे चांगले महिने डिसेंबर ते एप्रिल. मालवण-तारकर्ली ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. तिथलं पाणी अंदमानाएवढं स्वच्छ दिसत नाही हे मनाशी धरूनच जा म्हणजे निराशा होत नाही, पण खान्देशातून जायला सोपं आणि खर्च कमी. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट हा त्याच्या पुढचा टप्पा, किनाऱ्यापासून बोटीनं तास-दीड तास लागतो आणि बोट लागणाऱ्या माणसानं आधी विचार करावा. लक्षद्वीपला परमिट लागतं, ते आधी काढावं लागतं. मालदीव आणि थायलंडचं को ताओ अंदमानासारखंच गरम. बालीचं मात्र नीट ऐका, तिथं नुसा पेनिडा बेटाजवळ जुलै ते ऑक्टोबरमध्ये खालून थंड पाणी वर येतं आणि २० डिग्रीच्या आसपास उतरू शकतं, बेट विषुववृत्ताजवळ आहे म्हणून पातळ सूट घेऊन गेलात तर हाल होतील.

सूट किती जाड

वेटसूट निओप्रीनचा असतो, म्हणजे रबराचा फोम, त्यात वायूचे बारीक बारीक बंद बुडबुडे असतात आणि खरी ऊब त्या बुडबुड्यांची असते. लोकांना वाटतं सूट पाणी आत येऊ देत नाही, तसं नाहीये, थोडं पाणी आत येतंच. ते अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं आणि सूट घट्ट असेल तर तिथंच थांबतं. सूट ढगळ असेल तर ते पाणी सारखं बदलत राहतं आणि तुमचं अंग समुद्र तापवत बसतं. म्हणून ढगळ ५ मिलीमीटरपेक्षा बरोबर बसलेला ३ मिलीमीटर चांगला, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

ट्राय डाईव्ह म्हणजे १५-२० मिनिटांची एकच डाईव्ह असेल तर शॉर्टी चालतो, म्हणजे अर्ध्या बाह्या, गुडघ्यापर्यंतचा. पण मी तरी फुल सूटच मागतो. थंडीपेक्षा दुसरं कारण आहे, समुद्रात हायड्रॉईड्स म्हणजे झुडपासारखे दिसणारे डंख मारणारे जीव असतात, फायर कोरल म्हणजे चटका देणारं प्रवाळासारखं काही असतं, जेलीफिशचे धागे तरंगत असतात, पाय किंवा कोपर घासलं गेलं तर दिवसभर आग होते आणि पुढचे दोन दिवस खाज. आणि बोटीवर ऊन. ओपन वॉटर म्हणजे डाईव्हिंग शिकायचा पहिला कोर्स करणार असाल किंवा दिवसाला दोन-तीन डाईव्ह असतील तर ३ मिलीमीटर फुल सूट. सडपातळ माणसं, लहान पोरं, आणि ज्यांना एरवीच एसीत स्वेटर लागतो त्यांनी ५ मिलीमीटर मागायला लाजू नये, तिसऱ्या दिवसाच्या तिसऱ्या डाईव्हला अंगातली ऊब आधीच कमी झालेली असते. दोन डाईव्हच्या मधे बोटीवर ओल्या अंगाला वारा लागतो तेव्हा सगळ्यात जास्त थंडी वाजते, म्हणून एक साधं विंडचीटर आणि कोरडा टॉवेल बॅगेत टाका.

जाडी वाढली की सूट जास्त तरंगतो, मग कंबरेला वजन जास्त बांधावं लागतं. खोल गेल्यावर दाबानं बुडबुडे चेपतात, १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, त्यामुळं सूट पातळ होतो, ऊब पण कमी आणि तरंगणं पण कमी. स्वतःचा सूट नेत असाल तर किती मिलीमीटरचा आहे ते ऑपरेटरला सांगा, त्याला वजन त्यावरून ठरवायचं असतं.

घालून बघताना काय बघायचं

कोरड्या अंगावर सूट घालायला घाम निघाला पाहिजे. सहज पाच सेकंदात चढला तर मोठा आहे. पाय जात नसेल तर पायाला पातळ कॅरीबॅग गुंडाळा, लगेच सरकतो. नखांनी ओढू नका, निओप्रीन फाटतं, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवत न्या, आधी घोटा, मग गुडघा, मग मांडी पूर्ण वर आल्याशिवाय बाह्यांना हात लावू नका. घाईत वरचा भाग ओढला की मांड्यांमध्ये जागा राहते आणि मग अख्खी डाईव्ह खांदे खाली ओढले जातात.

चेन लावून झाली की तीन जागा चेपून बघा, कंबरेच्या वरची पाठ, काखा, आणि दोन्ही मांड्यांच्या मधला भाग. तिथं हवा राहत असेल, कापड मुठीत येत असेल तर साईज बदला. मग उकिडवे बसा, हात डोक्यावर न्या, एक खोल श्वास घ्या. श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. गळ्याला किंचित घट्ट चालतं पण गरगरायला लागलं, चेहऱ्यावर रक्त आल्यासारखं वाटलं तर तो सूट काढाच, गळ्याच्या शिरांवर दाब पडणं चांगलं नाही. पाण्यात गेल्यावर सूट थोडा सैल पडतो, म्हणून बाहेर जरा घट्ट वाटणं बरोबर.

आपल्या पोटांचा पण विचार करा. साईज चार्ट उंची, छाती, कंबर असा असतो आणि कंपन्या जे अंग धरून सूट शिवतात ते आपलं नसतं, छातीला बसणारा पोटाला बसत नाही. अशा वेळी छाती-पोटाच्या मापानं घ्या, पाय लांब झाले तर दुमडता येतात. बायकांसाठी वेगळ्या कटचे सूट असतात, पुरुषांचा लहान साईज देऊन भागवणारे बरेच आहेत, तो कमरेत ढगळ आणि नितंबांना घट्ट होतो, तर लेडीज साईज आहे का हे फोनवरच विचारून घ्या. आमच्या वहिनींना काळजी होती की अंगाला चिकटलेला सूट घालून दहा लोकांसमोर कसं जायचं. त्यांनी आत फुल बाह्यांचा लायक्राचा टॉप आणि लेगिंग घातली, वरून सूट, आणि बोटीत बसेपर्यंत मोठा टॉवेल. काहीही अडचण आली नाही, आता त्याच पुढच्या ट्रिपचं विचारत असतात. फक्त आत कॉटन नको, ते पाणी धरून ठेवतं, गोळा होतं आणि घासतं.

भाड्यानं की विकत

वर्षाला एकदा जाणार असाल तर भाड्याचाच घ्या, बहुतेक ठिकाणी डाईव्हच्या पैशात सूट धरलेला असतो. कोर्स करून पुढं नियमित जायचं ठरलं असेल तर पहिली खरेदी मास्कची करा, दुसरी सूटची. डेकॅथलॉनमध्ये डाईव्हिंगचे ३ मिलीमीटरचे सूट मिळतात, नाशिक-पुण्याला गेलात तर दुकानात घालून बघा, साईज अंदाजानं ऑनलाईन मागवू नका. तिथं सर्फिंगचे सूट पण शेजारीच लटकवलेले असतात, ते मऊ आणि ताणणारे असतात म्हणून घालायला छान वाटतात पण त्यांचा फोम दाबाखाली जास्त चेपतो. आपल्याला डाईव्हिंगचाच हवा, गुडघ्यावर जाड पॅड असलेला. शिलाई सपाट दिसते ती फ्लॅटलॉक, तिच्या भोकांतून थोडं पाणी येतं पण गरम समुद्रात ती चालते, चिकटवून आतून शिवलेली महाग असते आणि अंदमानसाठी त्याची गरज नाही.

भाड्याचा सूट हातात आला की वास घ्या, उलटा करून बघा. कुबट, चिकट, आतून बुरशीचे ठिपके, चेन अडकणारी, शिलाई उसवलेली, तर दुसरा मागा. ज्या दुकानात सूट रोज धुऊन सावलीत रुंद हँगरवर वाळत घातलेले दिसतात तिथं रेग्युलेटरची पण काळजी घेत असणार, आणि जिथं ओले सूट वाळूत ढिगानं पडलेत तिथं मला पुढं काही बघायची इच्छा राहत नाही.

आता ऑपरेटर, आणि इथं घाई करू नका

सूट चुकला तर थंडी वाजेल, ऑपरेटर चुकला तर जीवावर बेतू शकतं. आपल्याकडं काय होतं की जळगाव-धुळ्याचा एजंट ७ रात्री ८ दिवसांचं पॅकेज देतो, त्यात 'स्कूबा फ्री' असतं आणि कोणाकडं हे त्याला पण माहीत नसतं. एजंट वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, फक्त स्कूबा पॅकेजमधून काढून ते पैसे कमी करायला सांगा आणि ते स्वतः बुक करा. ऐकत नसेल तर डाईव्ह सेंटरचं नाव लेखी घ्या.

मग सेंटरला फोन करा. मेसेज नाही, फोन, कारण बोलण्यावरून बरंच कळतं. पहिलं विचारा ट्राय डाईव्हला एका इन्स्ट्रक्टरमागं किती जण. माझ्या हिशोबी एकाला एक, जास्तीत जास्त दोन, आणि लहान मुलगा किंवा पोहता न येणारा माणूस असेल तर एकाला एकच. दुसरं, मला नेणारा इन्स्ट्रक्टर कोण आणि त्याचा नंबर काय. पॅडी, एसएसआय या डाईव्हिंगचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था प्रत्येक इन्स्ट्रक्टरला नंबर देतात आणि तो चालू आहे का हे त्यांच्या साईटवर बघता येतं, चांगला ऑपरेटर नंबर लगेच देतो. भिंतीवर सर्टिफिकेट मालकाचं आणि पाण्यात नेणारा पोरगा वेगळाच असंही असतं, म्हणून 'मला नेणारा' हा शब्द धरून ठेवा. तिसरं, बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन आहे का आणि तो द्यायला शिकलेलं कोण आहे. रीकंप्रेशन चेंबर म्हणजे डाईव्हिंगच्या त्रासावर इलाज करायची दाबाची खोली पोर्ट ब्लेअरला म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला नौदलाच्या रुग्णालयात आहे, आणि तुम्ही हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला असाल तर मधे समुद्र आहे, तोपर्यंत ऑक्सिजनच आधार. 'इतक्या वर्षांत कधी लागला नाही' हे उत्तर मिळालं तर आभार मानून फोन ठेवा.

मालवणसारख्या ठिकाणी अजून एक विचारा, सिलिंडर पाठीवर असणार का. काही ठिकाणी सिलिंडर बोटीवरच ठेवतात आणि लांब नळीतून हवा खाली येते, त्याला पण स्कूबाच म्हणतात. उथळ पाण्यात फोटोपुरतं ते करणारे खूप आहेत, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते माहीत असावं. कोर्सच करायचा असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं चौकशी करा.

सगळ्यात महत्त्वाचं, तो तुम्हाला काही विचारतो का ते बघा. दमा आहे का, हार्ट, बीपी, फिट्स, शुगर, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, चालू गोळ्या. मेडिकल फॉर्म भरून घेतल्याशिवाय पाण्यात उतरवणारा ऑपरेटर मला चालत नाही. आणि तो फॉर्म निघायच्या आधीच मागवून वाचा, कारण एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते, ती आपल्या घरच्या डॉक्टरकडून घेणं सोपं, बेटावर डॉक्टर शोधत दिवस जातो. खोटं 'नाही' लिहू नका भो, हात जोडून सांगतो. माझ्या ओळखीतल्या एकाला दमा होता, ऑपरेटरनं फॉर्म बघून नाही म्हणून सांगितलं, पैसे परत दिले, आणि त्याला दिवसभर वाईट वाटलं, पण त्या सेंटरला मी अजूनही सगळ्यांना पाठवतो ते त्या एका 'नाही'मुळंच.

सर्दी झाली तर काय, हे पण बुकिंग करतानाच विचारा. सर्दीत कान मोकळे होत नाहीत आणि तसंच खाली गेलं तर पडदा दुखावतो. तारीख बदलून देणारा, वारा सुटला तर स्वतःहून बोट रद्द करणारा ऑपरेटर घ्या. पोहता येत नसेल तरी ट्राय डाईव्ह करता येते, ती जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंतच असते आणि बऱ्याचदा त्याच्या निम्म्यातच होते. ओपन वॉटर कोर्सला मात्र २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, वेळेचं बंधन नाही, विहिरीत शिकलेल्याला जमतं. त्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

आणि मासे जमावे म्हणून पाव-बिस्किट टाकणारे, फोटोसाठी कोरलवर उभं करणारे, त्यांच्याकडं जाऊ नका. कोरल दगडासारखं दिसतं पण जिवंत आहे, एका फिनच्या म्हणजे पायातल्या वल्ह्याच्या फटक्यानं कित्येक वर्षांची वाढ तुटते. किनाऱ्यावर पडलेला तुकडा पण आणू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कोरल आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

त्या दिवशी बोटीवर

आदल्या रात्री दारू नको, तिखट शेवभाजी पण नको, पाणी भरपूर प्या. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच सांगून ठेवा. आमच्या दाजींच्या भरघोस मिशांमुळं मास्कमध्ये सारखं पाणी यायचं, नाकाखालचा थोडा पट्टा बारीक केला आणि थांबलं.

सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा २०० बारच्या आसपास असला पाहिजे. रेग्युलेटर तोंडात धरून काट्याकडं बघत पाच-सहा श्वास घ्या, श्वासाबरोबर काटा खालीवर हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, लगेच सांगा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास-चव आली तर तो सिलिंडर वापरू नका, कंप्रेसरमध्ये इंजिनाचा धूर ओढला गेला असू शकतो आणि तो विषारी आहे. दुसरा पिवळा रेग्युलेटर, ऑक्टोपस म्हणतात, त्यातून पण एक श्वास घेऊन बघा. जॅकेट म्हणजे बीसीडी फुगवून एक मिनिट ठेवा, हवा गळता कामा नये.

ब्रीफिंगमध्ये खुणा शिकवतात त्यातली एक आपली हमखास चुकते. अंगठा वर म्हणजे आपल्याकडं 'मस्त', पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या'. मस्त चाललंय सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. कान दर मीटरला, दुखायच्या आधी, नाक दाबून हळूच फुंकून मोकळे करा, दुखलं तर थांबा, थोडं वर या. आणि श्वास कधीही रोखून धरू नका, वर येताना तर अजिबात नाही, कारण फुप्फुसातली हवा वर येताना फुगते. हे ज्यानं ब्रीफिंगमध्ये स्पष्ट सांगितलं नाही त्याच्याबरोबर उतरू नका, पैसे गेले तरी चालतील.

परतीचं गणित

एकच डाईव्ह केली असेल तर कमीत कमी १२ तास विमानात बसायचं नाही, जास्त डाईव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास, कारण खोल पाण्यात अंगात शिरलेला वायू उंचीवर दाब कमी झाला की बुडबुडे होऊन त्रास देतो. मी सरळ पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. पॅकेजवाले स्कूबा शेवटच्या दिवशी टाकतात, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या आणि सेल्युलर जेल शेवटी ठेवा.

मालवणहून गाडीनं येणाऱ्यांना वाटतं आपलं विमानच नाही, मग काय. पण घाट आहे. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे, फोंडा किंवा करूळ घाट चढला तरी दोनेक तासांत समुद्रावरून देशावर, आणि ३०० मीटरच्या वर गेलं की डाईव्हिंगमध्ये त्याला उंची धरतात. म्हणून दुपारी डाईव्ह आणि संध्याकाळी गाडी काढून घाट असं करू नका, रात्र मालवणातच काढा, सकाळी निघा. मंगला एक्स्प्रेसनं जळगाव-भुसावळला येणार असाल तर गाडी बराच वेळ किनाऱ्यानंच चालते आणि कसाऱ्याचा घाट खूप उशिरा येतो, तेवढा वेळ आपोआप मिळतो, तरी मी रात्र थांबूनच निघतो. नंतर सांधे दुखायला लागले, मुंग्या आल्या, चक्कर आली तर प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका, डॉक्टरला डाईव्ह केली होती हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण आपल्याकडच्या डॉक्टरला ते सुचणं अवघड आहे.

स्वतःचा सूट असेल तर घरी आल्या आल्या एक बादली गोड्या पाण्यात बुडवून, उलटा करून, परत एकदा बुडवा. चार दिवसाआड पाणी येत असलं तरी एवढं पुरतं. वाळवायचा सावलीत, आधी आतली बाजू बाहेर. आपल्या उन्हात गच्चीवर टाकला तर दोन उन्हाळ्यांत निओप्रीन कडक होऊन तडकतं, आणि पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर तर अजिबात ठेवू नका. रुंद हँगरला लावून कपाटात, घडी नाही. लॉगबुकात म्हणजे डाईव्हच्या नोंदवहीत त्या दिवशीचं पाण्याचं तापमान, सूटची जाडी आणि किती किलो वजन लावलं ते लिहून इन्स्ट्रक्टरची सही घेतलेली असली पाहिजे, पुढच्या वेळी नवीन ऑपरेटरनं विचारलं की ते पान उघडून दाखवायचं.